दादाच्या नावाची बाटली

पिंपाला कुलूप लावायची कल्पना मृणालिनीची. कौस्तुभने फक्त स्टेशनसमोरच्या हार्डवेअरवाल्याकडून कडी-कोयंडा आणला आणि रविवारी दुपारी बनियनवर फतकल मारून निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाला भोकं पाडली. बसवून झाल्यावर झाकण दोनदा ओढून पाहिलं. हललं नाही. किल्ली मृणालिनीने गाऊनच्या खिशात टाकली.

आतल्या खोलीतून दादाने विचारलं, "कसला रे आवाज?"

"काही नाही दादा. पिंप दुरुस्त केलं."

"गळत होतं?"

"हो."

"मग बरं केलंस," दादा म्हणाला. "पाणी वाया जायला नको."

त्र्याण्णव सालचा एप्रिल होता. मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या अंगाला, भातखाचरं बुजवून उभ्या केलेल्या इमारतींत मुंबईतून उठून आलेली माणसं भरली होती. बिल्डरने त्यांना खाडीवरचा वारा दाखवला होता, बागेची जागा दाखवली होती, प्रत्येक बाथरूममधले चकचकीत नळही दाखवले होते. नळांना पाणी येईल असं मात्र तो कुठे म्हणाला नव्हता. वरसावेकडच्या विहिरींवरून टँकर यायचा, खालच्या टाकीत ओतून जायचा आणि सेक्रेटरी गोवर्धनभाई रोज सकाळी घड्याळ लावून पंचवीस मिनिटं पंप चालवायचे. त्या पंचवीस मिनिटांत जे भरेल ते दिवसभराचं. मृणालिनीला तर दोन वर्षांच्या लेकीचं, अनुष्काचं, सगळं उकळून, गाळून, झाकून ठेवावं लागायचं. जुलाबाने पोरं कशी हातची जातात ते ती वर्तमानपत्रात वाचायची आणि कात्रणं काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची.

आणि अशा घरात दादा दिवसाला बादली-दीड बादली पाणी पीत होता.

दादा म्हणजे हरिश्चंद्र, कौस्तुभचा थोरला भाऊ. दोघांत तेरा वर्षांचं अंतर. एकविसाव्या वर्षी तो बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला, हात इतका साफ की साहेब लोक त्याचे नकाशे भिंतीवर लावायचे. तिसऱ्या वर्षी त्याने एका पुलाच्या नकाशात एकेका खांबाला एकेका माणसाचं नाव दिलं आणि ही माणसं पाण्याखाली उभी आहेत, त्यांना बाहेर काढा, म्हणून हट्ट धरून बसला. तेव्हापासून गोळ्या. शाळेतले गणिताचे मास्तर त्याच्या कानात त्याचे मार्क वाचून दाखवायचे. गोळ्यांनी मास्तर गप्प झाले नाहीत, फक्त हळू बोलायला लागले. आईने गिरगावातल्या खोलीत त्याला अठरा वर्षं सांभाळलं. ती गेली, ती खोली मालकाला परत देऊन त्यातून हा फ्लॅट झाला आणि आईच्या शब्दाप्रमाणे आतली खोली दादाची झाली. मृणालिनी, कौस्तुभ आणि अनुष्का बाहेर हॉलमध्ये झोपायची.

त्रास म्हणाल तर दादाचा काही नव्हता. एक दिवसाआड दाढी करायचा, पेपर घडी घालून ठेवायचा, जेवून उठताना दर वेळी "थँक्यू, मृणालिनी" म्हणायचा. ते थँक्यू तिच्या डोक्यात जायचं. त्रास असता तर कुणाला सांगता आला असता.

तिने मानसशास्त्र घेऊन बी. ए. केलं होतं. लग्न ठरताना मैत्रिणी म्हणाल्या होत्या, वा, घरातच प्रॅक्टिकल. त्या वेळी तीही हसली होती. अनुष्का झाल्यावर तिने जुनं पुस्तक काढून काकाचं पुतणीत कितपत उतरतं याचं पान शोधलं, वाचलं, आणि पुस्तक माळ्यावर टाकलं. पण पान डोक्यातून गेलं नाही. अनुष्का बाहुलीशी बोलायला लागली की ती दाराआड उभी राहून ऐकायची, पोर बाहुलीशी बोलतेय की आणखी कुणाशी.

दादाची तहान जानेवारीत सुरू झाली. आधी तांब्या, मग दोन, मग माठाशीच उभं राहून. चेहरा ओढल्यासारखा झाला, पँट कमरेवर थांबेना, कौस्तुभने पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. जितकं प्यायचा तितक्या वेळा बाथरूमला जायचा आणि गेला की ओतायला आणखी पाणी. "तोंडात चुना घातल्यासारखं होतंय," तो म्हणायचा. मृणालिनी त्याच्या भासांची एक यादीच मनात बाळगून होती. मास्तर, खांबातली माणसं, त्यात आता चुना.

मार्चमध्ये ती त्याला बोरिवलीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेली, कौस्तुभला रजा नव्हती म्हणून. डॉक्टर वयस्क होते, घाईत नव्हते. त्यांनी दादाशी त्याच्या जुन्या नकाशांबद्दल गप्पा मारल्या, गोळ्या त्याच ठेवल्या आणि त्याला बाहेर बसवलं.

"पाणी फार पितात," मृणालिनी म्हणाली.

"या पेशंटांत असतं ते. नादच लागतो पाण्याचा. बहुतेक मनाचंच असेल." त्यांनी कागद ओढला. "पण वजन उतरलंय. एकदा सकाळची पहिली लघवी तपासून घ्या, साखरेसाठी. काही नाही निघालं तर मग पाण्यावर जरा लक्ष ठेवा."

चिठ्ठी तिने घडी करून पर्समध्ये ठेवली. उठली नाही.

"एक विचारू, डॉक्टर? असे पेशंट साधारण किती वर्षं..."

"बरं व्हायला?"

"नाही. जगायला."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती नजर तिला आवडली नाही.

"स्किझोफ्रेनियाचे पेशंट इतरांपेक्षा पंधरा-वीस वर्षं आधी जातात, असं धरा. लोकांना वाटतं जीव देतात. काही देतातही. पण बरेचसे जातात ते साध्या दुखण्यांनी. हार्ट, टीबी, साखर. का, तर छातीत दुखतंय म्हणाला की घरचे म्हणतात, याला भास होतोय. खोटं कशाला सांगू, आम्ही डॉक्टरही तेच म्हणतो. म्हणून तर ही चिठ्ठी दिलीय."

परतीच्या वाटेवर दादा खिडकीबाहेरची मिठागरं बघत होता आणि मृणालिनी हिशेब करत होती. आता बेचाळीस. पन्नास धरली तर अनुष्का दहा वर्षांची. पंचावन्न धरली तर पंधराची, म्हणजे शहाणी झालेली, आणि घरात हा. पंचावन्न फार होतात, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्याची तिला फारशी लाजही वाटली नाही. दिवसभर पोर कडेवर घेऊन बाई असे किती हिशेब करत असते.

लघवीच्या तपासणीचा दिवस शनिवार ठरला. लॅब स्टेशनजवळ, कौस्तुभ ऑफिसला जाताना बाटली देणार. आदल्या संध्याकाळी त्याने धुतलेली औषधाची बाटली दादाच्या हातात दिली आणि समजावलं. दादा बाटली उजेडात धरून बघत राहिला.

"यातून माझी दुसरी प्रत काढतील," तो म्हणाला.

"कोण काढेल? साधी तपासणी आहे."

"तुला माहीत नाही. नकाशाची पण आधी एकच असते."

सकाळी मृणालिनी बाथरूममध्ये गेली तेव्हा बाटली खिडकीत उपडी ठेवलेली होती. स्वच्छ, रिकामी. दादा आपल्या खोलीत पेपर वाचत होता. विचारलं तर म्हणाला, "दिली ना मी." बाहेर पंप सुरू झालेला, पंचवीस मिनिटांतली आठ गेलेली, अनुष्का रडतेय, कौस्तुभ दारात चपला घालून ओरडतोय, "झालं का? माझी गाडी चुकेल." आता पुन्हा दादाला समजवायचं, पुन्हा सोमवार, पुन्हा हेच. मृणालिनीने कडी लावली आणि बाटली स्वतः भरली. चिकटपट्टीवर कौस्तुभच्या अक्षरात हरिश्चंद्र हे नाव आधीच लिहिलेलं होतं. कागदात गुंडाळून तिने ती त्याच्या हातात दिली. त्यात एवढं काय? डॉक्टर स्वतः म्हणाले होते, मनाचंच असेल.

रिपोर्ट आला. साखर: निल.

कौस्तुभने तो दोनदा वाचला, "चला, काही नाही म्हणजे," म्हणाला आणि फाइलमध्ये लावला. त्याच रविवारी कुलूप आलं. डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं, काही नाही निघालं तर पाण्यावर लक्ष ठेवा. दादाला दिवसाला दोन बाटल्या मिळायला लागल्या, एक सकाळी, एक दुपारी. आणि बाथरूमला गेल्यावर पाणी ओतायचं नाही, संध्याकाळी एकदाच ओतलं जाईल.

पहिल्या दिवशी त्याची सकाळची बाटली अकराला संपली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मृणालिनी, एक पेला मिळेल?"

"दादा, आता चारला."

"बरं," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला, चारपर्यंत.

मग त्याने इकडून तिकडून प्यायला सुरुवात केली. फुलदाणीतलं पाणी. फ्रीजमधल्या बर्फाचे ट्रे. अनुष्काला आंघोळ घातलेल्या टबात उरलेलं पाणी पिताना मृणालिनीने त्याला पाहिलं तेव्हा तिला आधी किळस आली आणि मग राग. एकदा त्याने अनुष्काची उकळलेल्या पाण्याची बाटली, वरच्या निपलसकट, तोंडाला लावली. तिने ती त्याच्या तोंडातून खेचली. त्याचा ओठ फाटला.

"सॉरी," दादा म्हणाला. रक्त जिभेने चाटून घेत म्हणाला, "थँक्यू."

मुंग्यांचं त्यानेच सांगितलं. "मृणालिनी, मुंग्या माझ्या मागे आहेत. मी उभा राहतो तिथे येतात. त्यांना कळतं."

भासांच्या यादीत मुंग्या जमा झाल्या. पण दुसऱ्या दिवशी ती बाथरूममध्ये गेली तर खरंच होत्या. दादा उभा राहायचा त्या कोपऱ्यातल्या फरशीवर काळी दोरी पडावी तशी रांग, भिंतीच्या फटीतून निघून थेट त्या चिकट डागापर्यंत. तिने मुंग्यांच्या खडूची रेघ मारली. रेघेला वळसा घालून त्या दुसरीकडून आल्या.

भांड्यांना येणारी इंदुबाई पेणकरपाड्याची. नवरा मासेमारीला जायचा तेव्हाचा पाडा तिने पाहिलेला, आता त्याच पाड्याच्या इमारतींत धुणीभांडी. तिने बाथरूममध्ये डोकावलं, खाली वाकली आणि उठून हात कमरेवर ठेवले.

"ताय, तुमच्या भावजींना साखर हाय."

"काहीतरीच काय, इंदुबाई."

"काहीतरी न्हाय. माझ्या सासऱ्याच्या मोरीला अशाच लागल्या व्हत्या. मानूस असा सुकत गेला, सुक्या बोंबलावानी. पानी पानी करायचा. यांचं पन तेच चाललंय, मी काय बघत न्हाय का?"

"तपासलंय आम्ही. रिपोर्ट आहे."

"रिपोर काय मुंगीपेक्षा शाना हाय?" इंदुबाई हसली. मग तिच्या आवाजातलं हसू गेलं. "आनि तुमी पान्याला कुलूप लावलाय. पाप हाय ते, ताय. साहेबांना सांगते मी आज."

"तुम्ही साहेबांना काही सांगायचं नाही."

"का बरं?"

मृणालिनीने आवाज चढवला. आमच्या घरात तुम्ही नाक खुपसू नका, भांडी घासायला ठेवलंय, डॉक्टर म्हणून नाही. महिन्याची दहा तारीखही झाली नव्हती, पगार द्यायचा होता. इंदुबाईने मोरीतलं पातेलं, अर्धं घासलेलं, तसंच ठेवलं आणि पदराला हात पुसत निघून गेली. दारात दादा उभा होता. त्याला म्हणाली, "भाऊ, सांभाळा," आणि जिना उतरली.

त्या दिवशी मृणालिनीला सगळं कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय इंदुबाईने ठेवलीच नव्हती. तिच्या स्वतःच्या वडिलांना, डोंबिवलीला, साखर होती. तहान, सुकणं, पुन्हा पुन्हा उठणं, सगळं तिने लहानपणी पाहिलेलं. तो रिपोर्ट कुणाचा आहे हे जगात तिला एकटीला माहीत होतं.

सांगायचं म्हणजे आधी बाटलीचं सांगावं लागणार होतं. तेवढंच असतं तर तिने सांगितलंही असतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट बसलेली होती, आणि ती पन्नास-पंचावन्नच्या हिशेबापेक्षा लवकरच्या कुठल्यातरी तारखेकडे बघत होती. मृणालिनी तिच्या अंगावर पाय न देता घरात वावरायला शिकली.

एकदा मात्र बोलली. रात्रीची जेवणं उरकत असताना, ताटं उचलता उचलता. "दादांची परत एकदा तपासून घ्यायची का? फार वाळलेत."

कौस्तुभ बोटं चाटत होता. "आत्ताच तर केली. निल आलीय ना?"

"आलीय."

"मग?"

मग काही नाही. तिने ताटं मोरीत ठेवली. आपण विचारलं होतं, एवढं तिच्यापाशी जमा झालं.

मेच्या पहिल्या आठवड्यात टँकरचं झालं. ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेलेली, आली तर दार सताड उघडं. दादा नाही, अनुष्का नाही. जिना ती कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. खाली टँकर टाकीत पाणी सोडत होता, पाइपाच्या जोडातून बारीक धार उडत होती, आणि दादा गुडघ्यांवर बसून ती धार तोंडात घेत होता. डोळे मिटलेले, गळ्याची घाटी वरखाली. शेजारी अनुष्का, नखशिखान्त भिजलेली, टाळ्या पिटत होती. तिच्यापासून दोन हातांवर टाकीचं झाकण उघडं.

गोवर्धनभाई आणि चार बायका गोळा झालेल्या. "भाभी, ये क्या है?" गोवर्धनभाई म्हणाले. "पागल आदमी को छोटी बच्ची के साथ छोडते हो? टाकी में गिर जाती तो? और मुंह लगाया है पाइप को, सबका पीने का पानी है, आ बधुं शुं छे?"

"सॉरी भाई," मृणालिनी म्हणाली. अनुष्काला तिने इतकं घट्ट धरलं होतं की पोर रडायला लागली.

दादा उठला. हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं लहान पोराच्या असतं. "तिला पण तहान लागली होती," तो म्हणाला. "मी तिला आधी दिलं."

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीला बाहेरून कडी लागली. कौस्तुभने विचारलं, "फक्त दिवसा ना?" ती म्हणाली, "फक्त मी एकटी असते तेव्हा." सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती एकटीच असायची. खोलीत दोन बाटल्या आणि एक जुनी बादली ठेवली. आतून मधूनमधून दारावर टकटक व्हायची, फार हळू, जशी परक्या घरी कुणी करतं. "मृणालिनी. एक पेला." मग, "मृणालिनी, रागावलीस का?" तिने रेडिओ मोठा केला.

त्याच आठवड्यात अनुष्काला गोवर निघाला. मग मृणालिनीला दुसरं काही दिसेना. थर्मामीटर, ओल्या घड्या, वहीत तासातासाला आकडे. शंभर. एकशे एक. नव्व्याण्णव पॉइंट आठ. तीन दिवस ती खाली बसली नाही. दादाच्या खोलीतली टकटक कमी झाली होती. एकदा ताट ठेवायला गेली तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "दादा, जेवा," म्हणाली. त्याने मान हलवली. खोलीत पिकून गेलेल्या फळांसारखा गोडसर वास होता. याने केळी लपवून ठेवलीत की काय, म्हणून तिने गादीखाली हात घालून पाहिला. काही सापडलं नाही. तो शांत होता, तिला तेवढंच हवं होतं. सकाळची बाटली अर्धी तशीच होती. बघा, तिला वाटलं, सुटतेय सवय.

गुरुवारी सकाळी अनुष्का काही पीत नव्हती म्हणून ती तिला रिक्षाने भाईंदरला मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन तास नंबर. डॉक्टर म्हणाले, पुरळ मावळतोय, घाबरायचं कारण नाही, फक्त पाणी भरपूर द्या. एकला परत आली. कडी काढली.

दादा उताणा पडला होता, तोंड उघडं, श्वास असा खोल आणि घाईचा की छातीचा भाताच चाललाय. हाक मारली, हलवलं. डोळे अर्धे उघडले, त्यांनी तिला पाहिलं नाही. जीभ वाळलेल्या चामड्यासारखी, तिच्यावर चिरा. तिने खुंटीवरच्या गाऊनच्या खिशातून किल्ली काढली, धावत जाऊन पिंप उघडलं, पेला भरून आणला, ओठांना लावला. पाणी गालावरून उशीत गेलं. तिने दुसरा पेला आणला. तोही उशीत गेला.

गोवर्धनभाईंच्या घरच्या फोनवरून तिने कौस्तुभला ऑफिसात कळवलं. तो येईपर्यंत तीन झाले. भाईंदरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त तपासलं आणि बाहेर आला.

"साडेसहाशे साखर आहे. कधी तपासलीच नव्हती का?"

"तपासली होती," कौस्तुभ म्हणाला. त्याने येताना फाइल बरोबर घेतली होती. रिपोर्ट काढून पुढे धरला. "हे बघा. दीड महिन्यापूर्वी. निल."

डॉक्टरने कागद उलटसुलट पाहिला. "मग कठीण आहे," तो म्हणाला. ते कशाबद्दल म्हणाला ते कुणी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "याआधी काही सांगत नव्हते? तहान वगैरे?"

"मेंटल पेशंट आहेत," कौस्तुभ म्हणाला. "ते काहीही सांगतात."

डॉक्टरने मान डोलावली, जसं की आता सगळं कळलं.

शुक्रवारी दुपारी दोनला दादा गेला. बेचाळीस वर्षं, सात महिने.

भेटायला आलेली माणसं मोकळी होती. सुटला बिचारा, सगळेच म्हणाले. काही जणी मृणालिनीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, तूही सुटलीस, केलंस हो, दुसरी करती ना. तिने वाट पाहिली, कुणीतरी काहीतरी विचारेल. कडीचं, कुलपाचं. गोवर्धनभाईंनी त्या दिवशी पंप पाच मिनिटं जास्त चालवला.

विचारलं ते फक्त ईश्वरमामाने. कौस्तुभचा वसईचा मामा, निवृत्त पोस्टमास्तर, दादाला लहानपणी खांद्यावरून फिरवणारा. तेराव्याची पानं वाढायच्या आधी तो हॉलमध्ये कौस्तुभसमोर बसला.

"दीड महिन्यात निलवरून साडेसहाशे? असं होतं का कधी? त्या लॅबवाल्याने काहीतरी घोळ घातलाय. तेव्हाच कळलं असतं तर पोरगा आज बसला असता इथे. आण तो रिपोर्ट. मी आत्ता जाऊन येतो, उघडी असेल ना लॅब?"

"मामा, कशाला आता," कौस्तुभ म्हणाला.

"कशाला म्हणजे? वेडा होता म्हणून त्याला विचारणारं कुणी नाही का? आण म्हणतो ना."

फाइल दादाच्या खोलीत होती. कौस्तुभ आत गेला, त्याच्या मागोमाग मृणालिनी गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

"तो रिपोर्ट मामांना देऊ नकोस."

"का?"

"तो दादांचा नाही." तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू येत नव्हता. "त्यांनी बाटली ओतून टाकली होती. मी माझी भरून दिली."

कौस्तुभ फाइल चाळत होता. चाळायचं थांबला नाही.

"माहितीये," तो म्हणाला.

"काय?"

"दादाने बाटली ओतली तेव्हा मी बेसिनपाशी दाढी करत होतो. माझ्यासमोर ओतली, धुतली, खिडकीत ठेवली. मग तू भरलेली दिलीस." त्याला कागद सापडला. त्याने तो बाहेर काढला, कडा सरळ केल्या. "मी नेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

बाहेर अनुष्का मामाच्या मांडीवर बसून काहीतरी बडबडत होती. मृणालिनीचा कान तिकडे गेला आणि परत आला.

"आई शेवटी शेवटी रोज देवापुढे म्हणायची, माझ्या आधी याला ने," कौस्तुभ म्हणाला. "रोज. मोठ्याने. पोटच्या पोराबद्दल. तिला कुणी काही म्हटलं नाही."

"इंदुबाईला माहीत आहे. ती म्हणाली होती साखर आहे म्हणून."

"इंदुबाईचं कोण ऐकतंय?"

त्याने दार उघडलं, बाहेर जाऊन रिपोर्ट मामाच्या हातात दिला आणि म्हणाला, "जाऊन या, मामा. पण फार ताणू नका."

मामा पाऊण तासाने परत आला. उन्हाने लाल झालेला, पण समाधानी. खिशातून त्याने लॅबच्या छापील कागदावर लिहिलेलं पत्र काढलं. लॅब चालवणारा अल्पेश म्हणून कुणी होता, एकटाच माणूस, मदतनीस नाही. आधी नाही नाही म्हणत होता, मशीन दाखवलं, रजिस्टर दाखवलं. मग मामाने मयताचं वय सांगितलं तेव्हा खाली बसला. पत्रात त्याने मोडक्या मराठीत लिहिलं होतं की हरिश्चंद्रभाईंच्या तपासणीत माझ्या हातून चूक झाली असेल, मला माफी करा, माझ्या घरी पण मोठा भाऊ आहे. खाली सही आणि तारीख.

कौस्तुभने पत्र वाचलं. "ठीक आहे," म्हणाला आणि फाइलमध्ये, मृत्यूच्या दाखल्याच्या मागे लावलं.

पानं वाढली गेली. मामा पाटावर बसला, पानाभोवती पाणी फिरवलं आणि पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"मूळचा चांगला आहे तो माणूस," तो म्हणाला. "फार रडला बिचारा. म्हणाला, आता मला जन्मभर झोप लागायची नाही."

मृणालिनीने त्याच्या पानात भात वाढला आणि त्यावर वरण घातलं.